गोव्यात धान्याची रेक मागवायची, तर आधी घड्याळ लावून घ्या

मडगावात धान्याचा घाऊक धंदा करतो. वर्षातून एखादा तरी नवा मुलगा दुकानात येऊन बसतो. रायपूरला तांदूळ काय भावाने मिळतो आणि इथे काय भावाने जातो याचा हिशेब त्याने कागदावर मांडलेला असतो आणि मधल्या फरकाने डोळे चकाकत असतात. "काका, ट्रक कशाला? अख्खी रेकच मागवली तर?" रेक म्हणजे मालगाडीच्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, अख्खी रांग.

मी त्याला भाव विचारत नाही. हमाल किती आहेत, ट्रक किती आहेत आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, एवढं विचारतो. रेल्वे आणि बंदर या दोन्ही ठिकाणी माल हलवण्यापेक्षा माल थांबवण्याचा खर्च जास्त जाचतो. थांबण्याचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच नावावर लिहिला जातो, चूक कुणाची का असेना. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलं आहे.

पहिली पायरी : वाट ओळखा

गोव्यात रेल्वे एक नाही, दोन आहेत. वास्को, माजोर्डा, मडगाव, सावर्डे-कुडचडे, कुळे आणि तिथून घाट चढून कॅसलरॉक, ही दक्षिण पश्चिम रेल्वे. तिचा कारभार हुबळी विभागातून चालतो. पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण ही कोकण रेल्वे. ती १९९८ पासून पूर्ण चालू आहे आणि महामंडळ म्हणून चालते. माल कर्नाटक-आंध्रातून असेल तर तो घाटातून उतरतो. उत्तरेकडचा माल कोकणातून येऊ शकतो किंवा मिरज-लोंढ्याला वळसा घालून.

नवा माणूस नकाशावर अंतर मोजतो आणि इथेच फसतो. कोकण रेल्वेवर भाडं प्रत्यक्ष किलोमीटरवर लागत नाही, वाढवून धरलेल्या किलोमीटरवर लागतं. डोंगर फोडून, बोगदे खणून बांधलेला मार्ग, त्याचा खर्च भरून काढायची ती रीत आहे. तेव्हा दोन्ही मार्गांचं भाडं मालधक्क्यावरच्या, म्हणजे स्टेशनात माल चढवायच्या-उतरवायच्या जागेवरच्या, कारकुनाकडून काढून घ्या, स्वतः मोजू नका. ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करायला भागीदार राज्यांनी संमती दिली आहे. तसं झालं की भाड्याचं हे गणित बदलेल अशी बाजारातल्या सगळ्यांची आशा आहे. आशेवर सौदा मात्र करू नका.

घाटाचं दुखणं वेगळं. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट, चढ सदतीसास एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्याच रुळांवरून मुरगाव बंदरातला कोळसा वर जातो, आपलं धान्य खाली येतं आणि प्रवासी गाड्याही धावतात. पावसात तर बोलायलाच नको. २०२१च्या जुलैमध्ये दूधसागर-सोनावळीच्या पट्ट्यात दरड कोसळून गाडी घसरली आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याच भागात मालगाडी घसरली. २०२४च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वेही अडकली होती. दोन्ही वाटा एकाच पावसाळ्यात बंद पडू शकतात, एवढं लक्षात ठेवा.

घाटात दुसरा रूळ टाकायचा बेत होता. मोल्याच्या भगवान महावीर अभयारण्यातून तो जाणार म्हणून गोव्यात मोठं आंदोलन झालं आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पट्ट्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. मोल्याचं रान तोडून माझा तांदूळ चार तास लवकर यावा, असं मला कधी वाटलं नाही. पण एकेरी रुळावर कुणाची गाडी आधी जाणार, हे ठरवताना धान्यवाल्याला कुणी विचारत नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

दुसरी पायरी : रेकचं गणित बोटांवर करा

झाकलेल्या वाघिणींच्या जुन्या रेकमध्ये बेचाळीस वाघिणी असतात. एका वाघिणीत साठ टन धरले तर पन्नास किलोची बाराशे पोती, आणि बेचाळीस वाघिणींची पन्नास हजार चारशे. वजन २,५२० टन. सोळा टनी ट्रक लावलात तर दीडशेच्या वर खेपा. नव्या, मोठ्या वाघिणींची रेक असेल तर वाघिणी अठ्ठावन्न, आणि खेपा त्याहून कितीतरी जास्त.

हे आकडे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मडगावात किंवा फोंड्यात पन्नास हजार पोती एका दिवसात ठेवायला जागा कुणाकडे आहे? म्हणून पहिली रेक एकट्याने मागवू नका, तीन-चार व्यापाऱ्यांनी मिळून मागवा. नाहीतर कमी वाघिणींची मिनी रेक मिळते का, एक रेक दोन ठिकाणी उतरवता येते का, ते विचारा. दोन्ही सोयी नियमांत आहेत, पण अंतराच्या आणि हंगामाच्या अटी बदलत राहतात. तेव्हा चालू परिपत्रक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नका.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे सहा आठवडे सगळ्यांनाच माल हवा असतो आणि पाऊस तेव्हाच मुसळधार असतो. हा योग टाळता येत नाही. मोठा माल मे महिन्यात आणून ठेवायचा आणि चवथीच्या आधीची तूट कर्नाटकातून ट्रकने भरून काढायची, हाच शहाणपणा. रेक मोठी आहे म्हणजे ती नेहमी स्वस्त पडते, असं नाही. ट्रकने माल दाराशी येतो. रेल्वेचा माल दोन वेळा उचलावा लागतो आणि प्रत्येक उचलीला हमाली लागते, शिवाय एखादं पोतं हुकाने फाटतंच.

तिसरी पायरी : मागणी नोंदवा आणि रांगेतली जागा ओळखा

मागणी आता ऑनलाइन नोंदवता येते, नोंदणी शुल्कही तिथेच भरता येतं. पण रेक कधी मिळेल ते रेल्वेच्या प्राधान्यक्रमावर ठरतं. रेल्वे कायदा, १९८९च्या कलम ७१ खाली निघालेल्या आदेशाने हा क्रम लागतो. सर्वांत आधी लष्करी माल. मग आपत्तीची मदत आणि सरकारी वितरणाचं धान्य. खासगी व्यापाऱ्याचं धान्य त्यानंतर. रेशनचा तांदूळ माझ्या तांदळाआधी जावा याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते तसंच हवं. मात्र गिऱ्हाईकाला तारीख देताना "रेक नोंदवली आहे" आणि "रेक मिळाली आहे" यातला फरक विसरू नका. मी सुरुवातीला विसरलो होतो आणि एका हॉटेलवाल्याला तोंड दाखवायची लाज वाटली होती.

करार पोत्यावरच्या छापासकट करा. २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पोत्यावर वस्तू-सेवा कर लागतो. पन्नास किलोच्या पोत्यावर लागत नाही. धान्याच्या रेल्वे वाहतुकीवरही तो नाही.

चौथी पायरी : दोन शब्द घोटून घ्या

डेमरेज आणि व्हार्फेज. या दोन शब्दांनी जितक्या नव्या लोकांना बुडवलं तितकं पावसानेही बुडवलं नसेल. कारण रेल्वेत त्यांचा अर्थ एक आणि बंदरात दुसरा.

रेल्वेत वाघीण ठरलेल्या मोकळ्या वेळेत रिकामी केली नाही तर तासागणिक, वाघिणीगणिक जो दंड लागतो तो डेमरेज. वाघीण रिकामी झाली पण पोती मालधक्क्यावर पडून राहिली, तर जो दंड लागतो तो व्हार्फेज. दोन्ही दंडच.

बंदरात व्हार्फेज हा दंड नाही. माल बर्थवरून, म्हणजे जहाज लागायच्या धक्क्यावरून, गेला की तो द्यावाच लागतो, मग तुम्ही पाच मिनिटांत उचला की पाच दिवसांत. माल मोफत मुदतीनंतर शेडमध्ये राहिला तर त्याचं भाडं वेगळं. आणि जहाजाचं डेमरेज तिसरंच, करारातल्या वेळेपेक्षा जहाज जास्त अडकवून ठेवल्याबद्दलचं. ते बंदराला देत नाहीत, जहाजमालकाला देतात, आणि ते डॉलरमध्ये असतं.

तेव्हा कुणी फोनवर "डेमरेज चढतंय" म्हणालं तर पहिला प्रश्न, "कुणाचं?"

जहाजाच्या करारात अजून एक ओळ बघा : वेळ मोजताना पावसाचे तास वगळलेत का? धान्य चढवताना पाऊस आला की जहाजाचं झाकण लावून बसावं लागतं. ओल लागलेला तांदूळ पुढच्या बंदरात कुणी घेत नाही. जूनमध्ये मुरगावात जहाज लावायचं आणि करारात ती ओळ नसेल, तर पावसाचा प्रत्येक तास तुमच्या खिशातून जाणार.

पाचवी पायरी : मालधक्क्यावरची रात्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण लागलेला, रेक रात्री एक वाजून दहा मिनिटांनी लागल्याची नोंद झाली आणि आम्हाला फोन आला पावणेतीनला. म्हणजे मोकळ्या वेळेतला दीड तास आम्ही झोपेतच घालवला. वीस ट्रक सांगितले होते, आले नऊ. साडेतीनला दिवे गेले. हमाल मोबाइलच्या उजेडात पोती मोजत होते. चौथ्या वाघिणीचं दार उघडलं तर दारालगतची पोती खालून काळी पडलेली, हात लावला तर कोमट. आत ओल गेली होती आणि तांदूळ तापायला लागला होता. आमचा मुकादम, वयस्क माणूस, त्याने मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि एवढंच म्हणाला, "शेठ, हे वेगळं ठेवा. बाकीच्यात मिसळलं तर तेही जाईल."

त्या रात्री माझ्याकडे एक साधी वही होती. शाळेची, दोनशे पानी. त्यात मी वेळ लिहीत होतो : फोन कधी आला, दिवे कधी गेले, कधी आले, पाऊस कधी लागला, कुठल्या वाघिणीचं दार कधी उघडलं. मुकादमाने खाली अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी दंडाचा कागद आला तेव्हा ती वही कामाला आली. सगळा दंड माफ झाला नाही, पण अंधाराचे आणि पावसाचे तास कापले गेले. पुढच्या रेकला मी घड्याळाचा फोटो काढायला लागलो.

तुम्हीही तेच करा. रेक लागल्याची वेळ मालधक्क्याच्या रजिस्टरात लिहिली जाते आणि तीच वेळ चालते. तुम्हाला कधी कळलं, याला किंमत नाही. म्हणून रेक घाट उतरली की आपला माणूस मालधक्क्यावर पाठवून द्या. कुळ्याला गाडी आली की नाही हे ऑनलाइन कळतं. दोन ताडपत्र्या जास्त ठेवा. भिजलेली पोती सुक्या पोत्यांवर रचू देऊ नका. ट्रकवाल्यांना आधी पैसे देऊ नका, आल्यावर द्या.

सहावी पायरी : माफी आणि दावा, दोन वेगळे कागद

दंडमाफीचा अर्ज दहा दिवसांत करायचा. कारण लिहिताना ज्यावर तुमचा ताबा नव्हता तेच लिहा : अतिवृष्टी, वीज, बंद, रस्ता खचणं. "ट्रक मिळाले नाहीत" हे कारण लिहिलंत तर अर्ज वाया गेला म्हणून समजा. वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायचं असेल तर सहसा आधी दंड भरावा लागतो, मग परत मागावा लागतो. पैसा अडकतो, हे धरून चला.

माल कमी भरला किंवा भिजला तर त्याचा दावा वेगळा. रेल्वे कायद्याच्या कलम १०६प्रमाणे माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच उभा राहत नाही. आणि रेल्वे रसीद घेताना तिच्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. पोती रेल्वेने मोजलेली नसली आणि "पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे" असा शेरा असला, तर किती पोती भरली होती हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. भरताना आपला माणूस तिथे ठेवायला दोन-चार हजार रुपये जातात. कमी भरलेल्या पोत्यांपेक्षा ते नेहमी स्वस्त पडतं.

भिजलेला माल आला तर उतरवतानाच फोटो काढा आणि मालधक्क्यावरच्या अधिकाऱ्याकडून शेरा मागा. गोदामात नेल्यावर "वाटेत भिजला होता" म्हणालात तर कुणी ऐकत नाही.

सातवी पायरी : बंदर कुणाचं, ते समजून घ्या

मुरगाव बंदर १९६४ पासून मोठं बंदर म्हणून केंद्र सरकारकडे आहे. पणजीसारखी लहान बंदरं राज्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे. नवे लोक हा फरक विसरतात आणि पणजीला अर्ज देऊन बसतात.

जुन्या, १९६३च्या कायद्याखाली बंदराच्या विश्वस्त मंडळावर जहाजमालकांचे आणि माल पाठवणाऱ्यांचेही प्रतिनिधी असत. २०२१च्या कायद्याने विश्वस्त मंडळ जाऊन प्राधिकरण आलं. आता मंडळावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि सीमाशुल्क यांचे सदस्य, केंद्राने नेमलेला एक सदस्य, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आणि कामगारांचे दोन. माल पाठवणाऱ्यांची राखीव खुर्ची गेली. पूर्वी दर टॅम्प नावाची संस्था ठरवायची. आता हे मंडळच आपलं दरपत्रक ठरवतं.

स्वायत्ततेला माझा विरोध नाही. दिल्लीहून प्रत्येक रुपयाला मंजुरी आणायची म्हणजे बंदर कधी हलणारच नाही. पण जो दर ठरवतो त्याच्यासमोर जो दर भरतो त्याने बसू नये, हे मला पटत नाही. एखाद्या स्वतंत्र सदस्याला मालवाहतुकीची समज असेल तर आपलं नशीब.

प्रत्यक्षात हे बंदर आता मुख्यतः कोळशाच्या भरवशावर उभं आहे. खनिजाचा धंदा २०१२ आणि २०१८च्या बंदींनी कोसळला, त्यानंतर तर कोळशावरचा हा भर आणखीच वाढला. धान्यासारखा सुटा माल साधारण १० आणि ११ क्रमांकाच्या बहुउद्देशीय बर्थवर येतो. बर्थ मिळण्याआधी शेजारी काय उतरतंय ते पाहून या. कोळशाची धूळ वाऱ्यावर असली की पांढऱ्या तांदळाच्या पोत्यावर राखी थर बसतो. आत काही गेलं नसलं तरी परदेशी गिऱ्हाईक पोतं पाहूनच भाव पाडतं. ताडपत्री नुसती पावसासाठी नसते.

निर्यात करणार असाल तर सरकारच्या धोरणाचा धक्का कसा बसतो ते तांदळावरून शिका. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद झाली. सुटले कोण? ज्यांचं भरणं अधिसूचनेआधी सुरू झालं होतं ते, किंवा ज्यांचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, दाखल होऊन जहाज बंदरात लागलं होतं वा नांगरलं होतं आणि त्याला बंदराने रोटेशन नंबर, म्हणजे जहाजाच्या त्या फेरीचा नोंदणी क्रमांक, दिलेला होता, किंवा ज्यांचा माल कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, ते. बाकीचे ट्रकसह परत फिरले. बंदी उठली २८ सप्टेंबर २०२४ला. तेव्हा शिपिंग बिल, रोटेशन नंबर, कस्टम्सची पावती, प्रत्येकावर तारीख आणि वेळ आहे की नाही ते पाहा आणि प्रत आपल्याकडे ठेवा. वहीचं महत्त्व इथेही तेच.

आठवी पायरी : तक्रार कुठे न्यायची

थांबण्याचा खर्च आपल्याच माथी येतो, ही तक्रार आपलीच नाही, कॅनडाचे गहू पाठवणारेही वर्षानुवर्षं हीच करतात. तिथेही जहाजं व्हँकुव्हरच्या पावसात अडकतात आणि बहुतेक धान्य दोनच रेल्वे कंपन्यांच्या हातात असतं. २२ ऑगस्ट २०२४ रोजी कामगारांशी बिनसलं आणि त्या दोन्ही एकाच दिवशी ठप्प झाल्या. तिथे २०१८च्या कायद्याने एक गोष्ट मिळवून दिली : माल पाठवणाऱ्याला सेवेच्या करारात रेल्वेवरही दंडाची अट घालण्याची मागणी करता येते. आपल्याकडे रेक चार दिवस उशिरा आली तर मला काय मिळतं? काही नाही. मी चार तास उशीर केला तर मात्र पावती फाडली जाते. कुठल्याही बैठकीत मला बोलायला मिळालं तर एवढं एकच बोलतो.

बैठक कुठली? रेल्वेसाठी विभागीय आणि झोनच्या पातळीवर प्रवासी-व्यापारी सल्लागार समित्या असतात आणि कोकण रेल्वेचीही तशीच आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनांमार्फत त्यांत माणूस जातो. पणजीतली गोवा चेंबर ऑफ कॉमर्स १९०८ची आहे, पोर्तुगीज अमदानीपासूनची. तिचं सभासदत्व घ्या, धान्याच्या व्यापाऱ्यांची स्वतंत्र मागणी तिथे मांडा. बंदराच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर २०२१च्या कायद्यात न्यायनिवाडा मंडळाची तरतूद आहे आणि बंदर वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकणं त्याच्या कामांत येतं.

जाताना भाषण नेऊ नका. मागच्या तीन रेकचा एकपानी तक्ता न्या : मागणीची तारीख, रेक मिळाल्याची तारीख, लागल्याची वेळ, तुम्हाला कळल्याची वेळ, रिकामी केल्याची वेळ, भरलेला दंड. खाली सही, वर फोन नंबर. मागच्या वेळी मी असा तक्ता नेला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "ही रेक लागल्याची वेळ तुम्ही कुठून घेतली?" मी घड्याळाचा फोटो पुढे केला.